दाभण, मास्टर आणि पिवळा कागद

आमच्या अंकाला नाव नाही. त्यामागे काहीतरी तत्त्वबित्त्व असणार, असा काही वाचकांचा समज झाला. एका प्राध्यापकांनी तर ते तत्त्व कोणतं हे मला फोनवर सविस्तर समजावूनही सांगितलं. खरी हकीकत एवढीच, की मुखपृष्ठ मशीनवर चढवायची वेळ आली तरी आम्हा तिघांचं नावावर एकमत होईना. साताऱ्याच्या मैत्रिणीला 'दक्षिण सातारा' हे नाव हवं होतं. सांगली जिल्ह्याचं १९६० पर्यंतचं अधिकृत नाव तेच, म्हणजे दोन्ही गावं आपोआप आली, असं तिचं म्हणणं. सांगलीत जन्मलेल्या माणसाला हे नाव पचणं शक्य आहे का? मी साफ नाही म्हटलं. चित्रं काढणारा पलूसचा पोरगा कोणत्याच बाजूनं बोलेना. मशीनवाला म्हणाला, "ताई, पाच वाजता फिजिक्सचा पेपर काढायचाय, काय ते लवकर बोला." कोणी काही बोललं नाही आणि मुखपृष्ठावर नुसता एक टोला छापला गेला. अंक पिवळ्या कागदावर होता, म्हणून ज्यांनी तो पाहिला ते त्याला 'पिवळा अंक' म्हणतात.

टोल्याची आणि फिजिक्सच्या पेपरची गोष्ट पुढं येईलच. आधी हा अंक म्हणजे काय ते सांगते. ए-फोर कागद मधोमध दुमडला की जो आकार होतो त्याची सोळा पानं. संपादक मंडळ नाही, जाहिरात नाही, वर्गणी नाही. बाहेरच्या जगात अशा घरगुती अंकाला झीन म्हणतात. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांनी आपापल्या हौसेनं असे अंक काढायला सुरुवात केली, पुढं झेरॉक्स मशीन हाताशी आल्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांनी ते रस्त्यावर आणले. मराठीला हा प्रकार नवा नाही. आपल्याकडं साठच्या दशकात अनियतकालिकांची लाट आली होती आणि त्याच्याही आधीपासून शाळा-कॉलेजांतून हस्तलिखितं निघत होती. आम्ही ठरवलं होतं ते एवढंच: आपल्या दोन जिल्ह्यांतल्या साध्या माणसांच्या आठवणी घ्यायच्या, आणि त्यांना काय देखणं वाटलं ते छापायचं.

ठरवायला सोपं होतं. आम्ही ओळखीपाळखीत निरोप दिले, 'आठवणी पाठवा'. आठवणी आल्या आणि सगळ्या एकाच माणसानं लिहिल्यासारख्या निघाल्या. प्रत्येकीत नदी, प्रत्येकीत आंब्याचं झाड, प्रत्येकीत मायाळू आजी, आणि शेवटी 'ते दिवस आता राहिले नाहीत'. एका निवृत्त सरांनी फुलस्केपची बावीस पानं पाठवली. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही, आणि वाचून झाल्यावर सरांबद्दल काही म्हणजे काही कळलं नाही. पलूसचा पोरगा म्हणाला, "यातलं चित्र काय काढू? आंबा?"

मग साताऱ्याच्या मैत्रिणीनं प्रश्नच बदलला. ती शाळेत शिकवते, त्यामुळं प्रश्न कसा विचारला की उत्तर कसं येतं याचा तिला अंदाज असतो. तिनं चिठ्ठीवर लिहिलं: 'तुमच्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जिचा काही उपयोग नाही, पण टाकून द्यायची म्हटलं की तुम्ही भांडता?' आठवण हा शब्दच काढून टाकला. सौंदर्य तर नाहीच नाही. उत्तर पोस्टकार्डावर मावेल एवढंच हवं, ही दुसरी अट. माझ्या मते अंक जो काही झाला तो या एका प्रश्नानं झाला. बाकी सगळी कागद-शाईची हमाली.

बावीस पानं पाठवणारे सर आठवड्याभरात स्वतः आले आणि पिशवीतून टोला काढला. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा, आणि त्यावर मारायचा हा लाकडी दांड्याचा लोखंडी टोला. शाळेत विजेची घंटा आली तेव्हा तो भंगारात चालला होता, सरांनी घरी आणला. बाईसाहेबांचं म्हणणं, "ह्यानं आता काय शेजाऱ्यांचे पिरियड बदलणार?" टोला आम्ही हातात घेऊन पाहिला. दांडा शिपाईमामांच्या मुठीनं इतका गुळगुळीत झालेला, की लाकडाच्या रेषा बोटाला लागत नव्हत्या. लोखंड मात्र एकाच बाजूनं चपटलेलं. मामा टोला कधी फिरवून धरत नसत; का, ते विचारायचं राहून गेलं, असं सरांनी पोस्टकार्डावर लिहिलं. तेवढंच लिहिलं. आमच्या पानाच्या कर्णात टोला बरोबर मावत होता, म्हणून पोरानं तो मूळ मापात काढला आणि मुखपृष्ठावर टाकला. सरांना प्रत दिली तेव्हा त्यांनी टोला चित्रावर ठेवून बघितला. "दोन सूत कमी आहे," म्हणाले. सर गणिताचे.

साताऱ्यातून एका आजींनी वस्तू म्हणून भेग पाठवली. भिंतीतली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या शनिवार पेठेतल्या घराच्या माजघराला ती पडली. कोयनानगरला आणि पाटण भागात जो हाहाकार झाला त्यापुढं ही भेग म्हणजे काहीच नाही, हे आजी स्वतःच आधी सांगतात. घराला रंग कितीदा दिला, पण यजमानांनी भेग बुजवू दिली नाही. पुढं पुढं विजेची बिलं त्या भेगेत खोचून ठेवायची पद्धत पडली, म्हणजे उपयोग नव्हता असंही म्हणता येत नाही. यावरून आमच्यात थोडी चर्चा झाली. घर बिल्डरकडं गेलं. जायच्या आधी आजींनी नातवाला बटर पेपर आणायला लावला, भिंतीला चिकटवला आणि भेग पेन्सिलीनं गिरवून घेतली. ती गुंडाळी त्यांनी आम्हाला दिली.

एवढी लांब भेग ए-फाइव्हच्या पानात कशी बसवायची? पोरानं तिचे तुकडे केले आणि दुसऱ्या पानापासून पंधराव्यापर्यंत प्रत्येक पानाच्या तळातून ती रेघ नेली. वर कोणाचाही मजकूर असो, खाली कोयनेची भेग चालू. कल्पना झकास होती, छपाईत घोटाळा झाला. आमचं मशीन कागद दर वेळी केसभर इकडंतिकडं सरकवतं, त्यामुळं डाव्या पानावरची भेग उजव्या पानावरच्या भेगेला मिळेना. मैत्रीण फार नाराज झाली, पुन्हा छापूया म्हणायला लागली. अंक घेऊन आजींकडं गेलो, तिनं आधीच माफी मागितली. आजींनी चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाल्या, "भिंतीत तरी कुठं जुळत होती?"

सांगलीच्या बाजूनं काहीही मागायचं म्हटलं की पूर येतोच. २००५ चा, २०१९ चा, २०२१ चा. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीकराला हे आकडे कुंडलीसारखे पाठ असतात. पण आम्हाला पुराचा अंक काढायचा नव्हता. पुराचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत.

नदीकाठच्या एका गल्लीतल्या वहिनींनी आमची चिठ्ठी वाचून एक अल्बम काढला. लग्नाचा, चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला. तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा तो कपाटात खालच्या कप्प्यात होता. पाणी ओसरल्यावर त्यांनी तो गच्चीवर वाळत घातला. फोटो प्लास्टिकला चिकटले, चेहरे गेले. एका पानावर मांडव होता तिथं आता नारिंगी आणि पिवळे ओघळ होते, मधे फेट्याचा एक तुकडा शाबूत. "टाकायला निघाले होते," वहिनी म्हणाल्या, "पण बघा तरी, काय रंग झालाय." नवऱ्याला तो अल्बम डोळ्यासमोर नको असतो. म्हणून तो पिठाच्या डब्यामागं राहतो.

सगळ्या भिजलेल्या फोटोंचा रंग असा नारिंगी-पिवळाच का होतो, हे मला मिरजेच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी सांगितलं. रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे थर असतात. सगळ्यांत वर निळसर, मधे किरमिजी, तळाला पिवळा. पाण्यानं जिलेटिन फुगतं आणि वरून सुटायला लागतं. आधी निळा जातो, मग किरमिजी. कागदाला घट्ट धरून शेवटपर्यंत राहतो तो पिवळा. तोही गेला की पांढरा कागद. "म्हणून पुरातलं सगळं लग्न हळदीचंच दिसतं," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. पुरानंतर त्यांच्याकडं लोकांनी पोत्यानं फोटो आणले होते. त्यातले काही अजून दुकानात आहेत, न्यायला कोणी आलं नाही.

वहिनींच्या तीन अटी होत्या. नाव नको, गल्ली नको, आणि 'पूरग्रस्त' हा शब्द नको. "त्या वेळी आमच्याकडं फोटो काढायला लई जण आले होते," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही त्या पानावर पुराचा उल्लेखच केला नाही. फेट्याचा तुकडा आणि ओघळ, खाली वहिनींचं एक वाक्य.

आता कागद. चकचकीत आर्ट पेपरवर रंगीत अंक काढावा असं सुरुवातीला माझ्याही मनात होतं. तो विचार एका बाइंडरनं मोडून काढला. सांगली नगर वाचनालय १८६९ सालचं. २०१९ च्या पुरात तिथली पुस्तकं भिजली तेव्हा गावात सगळ्यांनाच धक्का बसला होता, आणि घरोघरची पुस्तकं तर किती गेली त्याला गणती नाही. बाइंडरच्या हातून त्या दिवसांत बरीच ओली पुस्तकं गेली. त्यानं सांगितलं, चकचकीत कागदावर मातीचा थर दिलेला असतो. ओला झाला की पानाला पान चिकटतं आणि वाळल्यावर पुस्तकाची वीट होते, ती कशानंही उघडत नाही. साधा खडबडीत कागद फुगतो, वाकडा होतो, पण पानं सुटतात. स्वस्तातले दिवाळी अंक वाचले आणि भारी कॉफीटेबल पुस्तकं गेली, ती अशी. पिन मारू नका, हाही सल्ला त्याचाच. पिन गंजते आणि डाग पानात उतरतो.

तेव्हा अंकाचं रूप आमच्या आवडीनिवडीनं ठरलंच नाही. साधा कागद, आणि पिनेऐवजी दोरा. दोऱ्यासाठी आम्ही मार्केट यार्डात गेलो. हळदीची पोती शिवतात तो दोरा आणि ते दाभण. दुकानदारानं विचारलं, किती पोती? आम्ही म्हटलं, सोळा पानं. त्यानं दाभणाचे पैसे घेतले, दोरा तसाच दिला. शिवण अगदी सोपी: घडीवर तीन भोकं, सुई मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्यातून आत घ्यायची, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ. दाभण मात्र पोत्यासाठी असतं. पहिल्या काही प्रतींना त्यानं एवढी भोकं पडली की पान हलवलं की उजेड दिसायचा. मग मैत्रिणीनं घरातून गोधडीची सुई आणली आणि दाभण पेपरवेट म्हणून राहिलं.

छपाईची कथा फिजिक्सच्या पेपरशी येऊन मिळते. युरोप-अमेरिकेत झीन काढणारी मंडळी रिसोग्राफ नावाच्या जपानी मशीनवर जीव टाकतात. त्यावर छापलेले अंक प्रदर्शनांत मांडतात, त्या शाईच्या वासाचंसुद्धा कौतुक करतात. आम्हाला वाटलं, हे मशीन मिळालं तर पुण्या-मुंबईत. पलूसच्या पोरानं सांगितलं, "आमच्या क्लासात होतं की." खरंच होतं. नीट-जेईईच्या क्लासमध्ये सराव परीक्षांचे पेपर त्याच्यावरच निघतात. गावात त्याला कोणी रिसोग्राफ म्हणत नाही, नुसतं 'कॉपी मशीन' म्हणतात, आणि ते जिन्याखाली, बुटांच्या कपाटाशेजारी असतं.

काम कसं चालतं ते मी तासन्‌तास उभं राहून पाहिलं. मूळ पान काचेवर ठेवलं की मशीन आतल्या आत एका पातळ पापुद्र्याला अक्षरांच्या जागी बारीक भोकं पाडतं. तो मास्टर. तो शाईच्या ड्रमवर गुंडाळला जातो, कागद खालून सरकतात आणि भोकांतून शाई उतरते. आपल्या जुन्या सायक्लोस्टाइलचं तत्त्व तेच होतं, फक्त तिथं स्टेन्सिल टाइपरायटरनं किंवा टोकदार सळईनं कापायचं आणि हँडल हातानं फिरवायचं. मास्टर महाग, प्रत स्वस्त. दहा प्रतींना झेरॉक्स परवडतं, काही हजार काढायच्या तर ऑफसेट. दोनशे प्रतींसाठी हेच. आम्हाला दोनशेच हव्या होत्या. शाई लगेच वाळत नाही, बोटाला लागते, त्यामुळं पहिल्या वाचकांचे अंगठे अंकात कायमचे राहिले आहेत.

मशीन चालवणारा दादा बोलून चालून परीक्षेचा माणूस. पहिलं पान बाहेर आल्यावर त्यानं ते वाचलं, उलटलं आणि विचारलं, "हे कुठल्या बोर्डाचं?" पिवळा कागद त्याच्याचमुळं आला. पेपरचे चार संच निघतात आणि कॉपी होऊ नये म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा. 'बी' संचाचा पिवळा कागद त्याच्याकडं उरला होता, रिमचे रिम. आम्हाला तो निम्म्या भावात मिळाला. आणि गंमत अशी, की वहिनींच्या फोटोचं पान त्यामुळंच साधलं. ड्रम एकाच रंगाचा, काळा. ओघळांचा पिवळा आणायचा कुठून? पोरानं मग उलटं केलं. जिथं रंग वाहून गेला होता तिथं काळे ठिपके भरले आणि जिथं पिवळा उरला होता तिथं कागद मोकळा सोडला. फेट्याला नुसती कडेची रेघ. तळाचा थर कागदानंच पुरवला.

डीटीपीचं काम आम्ही लग्नपत्रिका करणाऱ्याकडं दिलं होतं, कारण तो ओळखीचा आणि उधारीवर करणारा. त्यानं पत्रिकेचाच साचा उघडून त्यात मजकूर ओतला. पहिल्या प्रुफात प्रत्येक पानाच्या डोक्यावर गणपती आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब. टोल्याच्या पानावर खाली 'आपले नम्र' तसंच राहिलेलं. सर म्हणाले, राहू दे, शोभतंय. आम्ही काढलं. त्याहून मोठं संकट फॉन्टचं. लोकांनी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवलेलं, आणि त्याचं सगळं काम श्री-लिपीत. एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं फुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले, आणि 'कृष्णा' तर दर वेळी वेगळी वाहायला लागली. शेवटी चारपाच पानं पोरानं हातानं लिहून काढली. आज अंक बघणारे म्हणतात, हस्ताक्षराची कल्पना छान. आम्ही हो म्हणतो.

सांगलीत छापलेले ताव साताऱ्याला न्यायचे होते, शिवायला. आम्ही पॅसेंजर पकडली. चार ताव म्हणजे एक अंक, आणि ताव लावायचं गणित असं की एका घडीवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज कायम सतरा. एकाशेजारी सोळा, दोनाशेजारी पंधरा, असं आठ-नऊपर्यंत. मी मांडीवर घड्या घालत होते, बेरजा पुटपुटत होते. समोरच्या बाकावर कऱ्हाडला लग्नाला निघालेल्या तिघी मावश्या. त्यांना बघवेना. एकीनं ताव ओढून घेतला. "आवो, अशी घडी घालतात व्हय? कागद काय रुमाल हाय?" तिनं कडेला कड मिळवली आणि हातातली काचेची बांगडी घडीवरून सर्रकन ओढली. इतकी धारदार घडी माझ्या लोखंडी पट्टीनं कधी पडली नव्हती. मग तिघींनी वाटून घेतलं: एक ताव लावणार, एक दुमडणार, एक बांगडी फिरवणार. सतराची बेरीज एकीनं मिनिटात उचलली आणि मलाच एकदा थांबवलं, "हे सात न् अकरा कसं आलं तुझं?"

नांद्रे स्टेशन गेलं तेव्हा मी मैत्रिणीला म्हटलं, राजा ढाले इथले. १९४० चा जन्म. पुढं मुंबईत गेले. 'येरू', 'तापसी', 'चक्रवर्ती', 'विद्रोह' ही अनियतकालिकं त्यांच्या नावाशी जोडलेली, आणि १९७२ साली दलित पँथरच्या संस्थापकांपैकी ते एक. दुमडणाऱ्या मावशींनी कान दिला होता. "म्हंजे हे चळवळीचं हाय का?" मी म्हटलं, नाही मावशी, आठवणींचं आहे. "मग वाटताय कशाला?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. साठच्या दशकातल्या त्या अंकांना कोणाशी तरी भांडायचं होतं आणि भांडण खरं होतं. प्रस्थापित मासिकं त्यांना दारात उभं करत नव्हती. आमचं भांडण फार तर त्या आंब्याच्या झाडाशी. त्यांच्या रांगेत बसायचा हक्क आम्ही सांगू नये, असं मला वाटतं. मैत्रीण म्हणते, आजींची भेग दुसरं कोण छापणार होतं? तेही खरं.

पुढं किर्लोस्करवाडी. पूर्वी हे कुंडल रोड स्टेशन. औंध संस्थानच्या या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला. लोखंडी नांगर बनवणाऱ्या त्या कारखान्यात शंकरराव किर्लोस्कर हा चित्रकलेचं शिक्षण घेतलेला माणूस जाहिरातीचं काम बघायला लागला आणि १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. एका कारखान्याचं ते वार्तापत्र. त्यातून पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० साली 'स्त्री', १९३४ साली 'मनोहर'. मराठी घरांत त्या काळी जे वाचलं गेलं ते या माळावरून निघत होतं, पुण्या-मुंबईहून नाही. हे सगळं मी उत्साहानं सांगत असताना पलूसच्या पोराचं लक्ष खिडकीबाहेर. "इथं उतरलो असतो तर घरी जेवून आलो असतो," म्हणाला.

वाटपाचं काय? पुस्तकांच्या दुकानांनी अंक ठेवून घेतला, पण तो तिथं दिसेना. त्याला पाठीचा कणा नाही. उभा ठेवला की दोन पुस्तकांमधे नाहीसा होतो. उत्तम जागा निघाली ती साताऱ्यातलं एक केशकर्तनालय. बाकड्यावर वर्तमानपत्राशेजारी पाच प्रती ठेवल्या. पुढल्या आठवड्यात दुकानदाराची तक्रार: गिऱ्हाइकाचा नंबर आला तरी उठत नाही, "पान पुरं करतो" म्हणतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतही काही प्रती दिल्या, तिथल्या एका कारागिरानं बदल्यात तडकलेला भोपळा देऊ केला. तुमच्या त्या उपयोग नसलेल्या वस्तूंत घ्या म्हणाला. भोपळा पंढरपूरकडून आलेला, सतारीसाठी निवडलेला, आणि कोरताना तडकला. त्यात त्याची आई शेवया ठेवत असे.

वाचकांची पत्रं आली ती बहुतेक दुरुस्तीची. अमुक साली अमुक गल्ली नव्हतीच. टोला एवढा आखूड नसतो. कोणी स्तुती केली नाही असं नाही, पण स्तुती करणाऱ्यांनी वस्तू पाठवल्या नाहीत, चुका काढणाऱ्यांनी पाठवल्या. आता माझ्याकडं आपशिंग्याहून आलेली फौजेतल्या ट्रंकेची चावी आहे, ट्रंक नाही. वाईच्या एका निवृत्त कंपोझिटरनं शिशाचा एक 'ळ' दिलाय, घासून घासून बोथट झालेला. आख्ख्या फर्म्यात तोच कमी पडायचा म्हणे, म्हणून बंद होताना तेवढा खिशात टाकला. भोपळा तर कपाटात बसतच नाही, तो पंख्याच्या हुकाला टांगलाय.

म्हणजे दुसऱ्या अंकाचं साहित्य जमलंय. नाव अजून ठरलेलं नाही. 'दक्षिण सातारा' पुन्हा पुढं आलंय आणि मी पुन्हा नाही म्हटलंय. मशीनवाल्या दादानं 'डी' संचाचा गुलाबी कागद बाजूला काढून ठेवलाय. नीटची परीक्षा होईपर्यंत मात्र मशीनला हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलंय, तेव्हा अंक मे महिना सरल्यावरच.